पियानोवादक ‘नुसता बसून’ नव्हता
‘पियानोवादकाने साडेचार मिनिटे नुसते बसून लोकांना गंडवले’ हा फिरणारा मेसेज अर्धवट आहे. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांची ‘४ मिनिटे ३३ सेकंद’ ही एकही सूर न वाजवण्याची, तीन भागांची रचना पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला प्रथम सादर केली. स्टॉपवॉच पाहत ते प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पियानोचे झाकण लावत, भाग संपला की उघडत. केज यांच्या आठवणीनुसार आधी बाहेरचा वारा ऐकू आला, मग छपरावरचा पाऊस, शेवटी श्रोत्यांचीच कुजबुज. काही जण वैतागून उठूनही गेले; तेही समजण्यासारखेच! पण ऐकवायचे होते ते नेमके हेच आवाज. पूर्ण शांतता अशी नसतेच: हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रतिध्वनीरहित, म्हणजे आवाज शोषून घेणाऱ्या खोलीतही केज यांना दोन आवाज ऐकू आले होते, दोन्ही त्यांच्याच शरीरातले.