सायटेशन जास्त म्हणजे रिसर्च खरा? कोणी सांगितलं?

भाचीला बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये (माणसं प्रत्यक्षात आर्थिक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास) पीएचडी करायचीये, गाईड शोधतेय, आणि तिला कोणीतरी तो फिरता मेसेज पाठवला. 'इकॉनॉमिस्ट किती मोठा हे त्याचं गूगल स्कॉलर प्रोफाइल सांगतं. सायटेशन जास्त म्हणजे काम सिद्ध झालेलं. चुकीचा पेपर कोणी सायट करत नाही. एच-इंडेक्स बघा, पेपर मोजा, संपलं.' तिनं त्यावरून नावांची यादीसुद्धा करून टाकली! म्हणून बसून लिहितोय. सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांनी आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ; गूगल स्कॉलर प्रोफाइलवर संशोधकाचे पेपर आणि त्यांची सायटेशन्स दिसतात. एच-इंडेक्स काय ते पुढे सांगतो.

आधी सगळ्यात घातक मुद्दा. 'चुकीचा पेपर कोणी सायट करत नाही.' साफ खोटं. मार्टा सेरा-गार्सिया आणि उरी ग्नीझी या दोन अर्थतज्ज्ञांनी 2021 मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या जर्नलमध्ये नेमकं हेच तपासलंय. सायकॉलॉजी, इकॉनॉमिक्स आणि 'नेचर'-'सायन्स' या जर्नल्समधले जे प्रयोग दुसऱ्या टीम्सनी पुन्हा करून बघितले होते, त्यांची सायटेशन्स त्यांनी मोजली. ज्यांचे निकाल पुन्हा आलेच नाहीत त्या पेपरांना, निकाल पुन्हा आलेल्यांपेक्षा सरासरी 153 सायटेशन्स जास्त! आणि प्रयोग फसला हे जाहीर झाल्यावर ज्यांनी ते पेपर सायट केले, त्यातल्या फक्त 12 टक्के लोकांनी फसल्याचा उल्लेख केला. बाकीच्यांनी खुशाल खरं धरून पुढे लिहिलं. त्यांचा अंदाज असा की निष्कर्ष चमकदार असला की छापण्याआधी पेपर तपासणारे रिव्ह्यूअरही हात सैल सोडतात, आणि चमकदार गोष्टच जास्त सायट होते. बिहेवियरल इकॉनॉमिक्स तर अशा 'अरे वा' निष्कर्षांवरच लोकप्रिय झालेलं आहे, त्यामुळे इथे धोका जास्तच.

उदाहरण बघा. 2012 चा 'पीएनएएस' या जर्नलमधला पेपर, पाच लेखक, सगळे नावाजलेले. दावा असा की फॉर्मवर खाली सही घेण्याऐवजी वरतीच घेतली की माणसं जास्त प्रामाणिक माहिती भरतात. ऐकायला सुंदर, खर्च शून्य, म्हणून जिथे तिथे सांगितला गेला. 2020 मध्ये त्याच लेखकांनी आणखी काही जणांबरोबर प्रयोग पुन्हा केला, परिणाम दिसलाच नाही. 2021 मध्ये 'डेटा कोलाडा' या संशोधनांची तपासणी करणाऱ्या ब्लॉगवर त्यातला कार इन्शुरन्सचा डेटा उलगडून दाखवला गेला. गाडी किती मैल चालली याचे आकडे शून्यापासून 50,000 पर्यंत सगळीकडे जवळपास सारखेच पसरलेले आणि 50,000 च्या पुढे एकदम कोणीच नाही. खऱ्या आयुष्यात असं होत नाही हो, बहुतेक गाड्या मधेच कुठेतरी दाटतात. वर एक्सेल फाइलमध्ये साधारण निम्मे आकडे एका फॉन्टमध्ये, निम्मे दुसऱ्या! पेपर मागे घेतला गेला. पण तोवर जमलेली सायटेशन्स काही कोणी परत घेत नाही, ती प्रोफाइलच्या बेरजेत तशीच राहतात.

आता एक मान्य करावं लागेल. काही वेळा खूप सायट झालेलं काम खरंच भक्कम असतं. कानेमान आणि ट्वर्स्की या सायकॉलॉजिस्ट जोडीचा 1979 चा 'इकॉनोमेट्रिका' या जर्नलमधला प्रॉस्पेक्ट थिअरीचा (जोखीम असताना माणसं निर्णय कसे घेतात याबद्दलचा) पेपर हा इकॉनॉमिक्समधल्या सगळ्यात जास्त सायट झालेल्या पेपरांपैकी एक. 2020 मध्ये 19 देश, 13 भाषा आणि 4,000 हून जास्त लोक घेऊन तो पुन्हा तपासला, परिणाम काही ठिकाणी थोडे कमी आले पण बहुतेक टिकले. पण टिकला हे कशावरून कळलं? पुन्हा प्रयोग करून. सायटेशन मोजून नाही.

एच-इंडेक्सचं तर थोडक्यात सांगतो. फिजिसिस्ट होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये काढलेला आकडा. 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन्स, की इंडेक्स 20. म्हणजे एखाद्यानं आयुष्यात तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला पाच हजार सायटेशन्स मिळाली तरी त्याचा इंडेक्स 3 च! शिवाय पाच लेखक असतील तर पाचही जणांच्या खात्यात पूर्ण सायटेशन जमा, मग डेटा कोणी गोळा केला, कोणी नुसतं वाचून दिलं, ते त्यात दिसत नाही. आणि 'हा पेपर चुकला' असं लिहून सायट केलं तरी तेही एक सायटेशनच धरलं जातं.

पेपर मोजण्याबद्दल काय बोलायचं. गाईड निवडायचा असेल तर त्याचे अलीकडचे दोन-तीन पेपर उघडा, डेटा आणि कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवलाय का, प्रयोगाआधी प्री-रजिस्ट्रेशन (काय आणि कसं तपासणार हे आधीच नोंदवणं) केलं होतं का, सँपल केवढं होतं, आणि दुसऱ्या कोणी तो प्रयोग करून बघितला तेव्हा काय आलं, हे बघा. याला एक दुपार पुरते.