सीडीवरील भोके आणि ३०० रुपये: आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरातील आपल्या कारखान्याच्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनची इन्स्टॉलेशन सीडी राजारामपुरीतील आमच्या दुकानात पॉलिश करून घेतली, ३०० रुपये दिले, तरी सेटअप अर्ध्याच्या पुढे जाऊन अडकतो आणि आमच्या यंत्रानेच सीडीला भोके पाडली, असे आपण लिहिले आहे. याहून खराब दिसणाऱ्या गाण्यांच्या सीडी वाजतात, असेही आपले म्हणणे आहे. मशीन दोन दिवस उभी राहिली की काय होते, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून सर्व नोंदी तपासून मी स्वतः हे उत्तर लिहीत आहे.

भोके आमच्याकडे पडलेली नाहीत. सीडी घेताना आम्ही तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढतो. आपल्या सीडीच्या फोटोत बाहेरच्या कडेजवळ, जिथे पूर्वी कधीतरी कागदी स्टिकर ओढून काढल्याची खूण आहे, तिथे दोन ठिपके स्पष्ट दिसतात. मात्र तोच फोटो आमची चूकही दाखवतो. ठिपके दिसत असताना सीडी दिव्यासमोर धरायची, प्रकाश आरपार येतो का ते पाहायचे आणि पॉलिशने हे नुकसान भरून येणार नाही असे आपल्याला तेव्हाच सांगायचे, हे आमचे काम होते. ते न करता आम्ही पैसे घेतले, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. पूर्ण रक्कम परत मिळेल.

माहिती चकचकीत बाजूवर असते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडीचा जवळजवळ सगळा भाग पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा असतो, आणि माहितीचे खळगे व त्यांवरचा अ‍ॅल्युमिनिअमचा थर लेबलच्या लगेच खाली, वार्निशसारख्या पातळ लेपाआड असतो. चकचकीत बाजूवरच्या चऱ्यांनी लेझर विखुरतो, पण माहिती शाबूत राहते, म्हणून तिथे पॉलिश उपयोगी पडते. स्टिकरबरोबर अ‍ॅल्युमिनिअम निघून आले की लेझर परतवणारा आरसाच त्या जागी उरत नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे आपला सेटअप सुरू होतो आणि कडेजवळ पोहोचल्यावर थांबतो.

गाण्यांच्या सीडीबद्दल आपले निरीक्षण खरे आहे. माहितीच्या खळग्यांची जी सलग वळसेदार ओळ असते, तिला माग म्हणतात. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुटलेला माग त्रुटी-सुधारणेने, म्हणजे सीडीवरच नोंदलेल्या जादा माहितीच्या आधारे, भरून निघतो. त्याहून मोठी तूट पडली तर प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाज बांधतो आणि ते कानाला सहसा कळत नाही. प्रोग्रॅममध्ये अंदाज चालत नाही. त्यासाठी डेटा सीडीवर दर २,०४८ बाइट माहितीमागे सुधारणेची जादा माहिती असते, पण तीही अपुरी पडली की ड्राइव्ह चूक दाखवून थांबतो. त्यातच सेटअपच्या फाइली बहुधा दाबून एकत्र बांधलेल्या असतात. एक तुकडा वाचता आला नाही तरी अख्खा गठ्ठा उघडत नाही.

अजून एक उपाय उरला आहे आणि तो आम्ही विनामूल्य करू. वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगाने, डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरील माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने सीडीची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढायची आणि न वाचलेल्या जागी नेमकी कोणती फाइल आहे ते शोधायचे. ती मदतपुस्तिकेची किंवा दुसऱ्या भाषेची निघाली, तर आशा आहे. मुख्य फाइल निघाली, तर मशीनच्या उत्पादकाकडेच मागणी करावी लागेल, आणि ते मी आपल्याला त्याच दिवशी सांगेन. आपल्या मालकीच्या सॉफ्टवेअरची, हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून, राखीव प्रत ठेवण्यास कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ मुभा देते. अशी प्रत सीडी नवी असतानाच काढलेली बरी.

तोवर सीडी मशीनच्या खणात, तेल आणि लोखंडाच्या किसात ठेवू नये. उरलेला स्टिकर ओढू नये, टूथपेस्ट लावू नये. पुसायचीच झाली तर स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसल्यास पडणारा चरा मागाच्या दिशेने जातो आणि तो सर्वांत घातक असतो. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या चिखलाच्या सीडींपैकी आधी पाण्यात धुतलेल्या बऱ्याच वाचल्या; वाळल्या चिखलावर फडके फिरवलेल्यांचे फार हाल झाले होते.

येताना सीडीसोबत सीरिअल नंबरचे कार्डही आणावे. इमेज नीट निघाली, तरी त्याशिवाय सेटअप पुढे जाणार नाही.