‘डीएमपीए वाढवा, पीयू सुधारतं’ हा सल्ला तपासून घ्या

पाण्यातल्या पॉलियुरेथेनबद्दल (पीयू, पाण्यात बारीक कणांनी विखुरलेलं पॉलिमर, सुकल्यावर त्याची फिल्म बनते) एक सल्ला सर्रास फिरतो: डीएमपीए (डायमिथायलॉलप्रोपिओनिक आम्ल, पॉलिमरच्या साखळीत आम्लगट आणणारा घटक) जितकं जास्त, तितके कण बारीक आणि फिल्म मजबूत, शिवाय सुकताना अमीन (त्या आम्लगटांचा क्षार करून कण पाण्यात टिकवणारा अल्कली) उडून जातं, त्यामुळे पाण्याची भीती नाही. याच भरवशावर फॉर्म्युले ठरतात, म्हणून एकेक दावा पाहू.

कण बारीक होतात, पण एका हद्दीपर्यंतच. घन भागाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेलं की दुधट डिस्पर्शन (पाण्यात विखुरलेले कण) निळसर, अर्धपारदर्शक होऊ लागतं. त्यापुढे कण फारसे लहान होत नाहीत. कणांवरचा कार्बोक्सिलेटचा (आम्लगटाच्या क्षाराचा) थर पाणी धरून फुगतो, माल घट्ट होतो आणि पातळ करायला पाणी घातलं की सॉलिड्स (घन भागाचं प्रमाण) घसरतात. कण जाडच येत असतील तर आधी डीएमपीएचे दाणे पूर्ण विरघळलेत का आणि अमीन (इथे ट्रायइथिलअमीन) पुरेसं पडलंय का, ते बघा. १३४ ग्रॅम डीएमपीएला १०१ ग्रॅम अमीन लागतं.

मजबुतीचा दावा सगळ्यांत फसवा. ५ ग्रॅम डीएमपीए म्हणजे सुमारे ३७ मिलिमोल. त्याचे दोन्ही हायड्रॉक्सिल बांधायला ८.३ ग्रॅम आयपीडीआय (साखळी जोडणारं डायआयसोसायनेट) खर्ची पडतं. म्हणजे १०० ग्रॅम पॉलिमरमध्ये १३ ग्रॅम हार्ड सेगमेंट (साखळीतला कडक भाग) आलाच; फिल्म कडक होणारच! आयनांचा वाटा वेगळा काढायचा तर डीएमपीएच्या जागी तितक्याच मोलचं निओपेंटिल ग्लायकॉल (३.९ ग्रॅम) घालून दुसरं पॉलिमर करा. ते पाण्यात उतरणार नाही, म्हणून दोन्ही पॉलिमरच्या फिल्म सॉल्व्हंटमधूनच ओता. डीएमपीएची एक अमीन घालून, एक न घालता. आयनांचा परिणाम असतोच: हार्ड सेगमेंटमधले क्षारगट एकमेकांना धरतात, मोड्युलस (कडकपणा) वाढतो, फिल्म कमी ताणली जाते. मात्र हे कोरड्या फिल्मचं झालं. पाणी शिरलं की हीच पकड सैल पडते.

उरला अमीनचा मुद्दा. ट्रायइथिलअमीन ८९ अंशांना उकळतं, पातळ थरातून बहुतांश निघून जातं. पण मागे कार्बोक्सिलिक आम्ल राहतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं की त्याचा पुन्हा क्षार होतो, फिल्म फुगून पांढरी पडते. आणि अमीनऐवजी कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) न्यूट्रलाइझ केलं असेल तर सोडियम उडतच नाही. सुकलेला तुकडा वजन करून २४ तास साध्या पाण्यात आणि दुसरा १ टक्का सोड्याच्या पाण्यात ठेवा, टिपून पुन्हा वजन करा. दुसऱ्याचं वजन खूप चढलं तर डीएमपीए डिस्पर्शन टिकेल इतकंच खाली आणा. तरी भागलं नाही तर लावण्याआधी पॉलिकार्बोडायइमाइड घाला, ते उरलेलं आम्ल बांधून टाकतं.