‘जीन टेस्ट म्हणजे लूट’ या मेसेजला मिरजेतून उत्तर

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग पाहुण्यांच्या आणि परवा चक्क आमच्या लॅबच्या ग्रुपवर एकच मेसेज येऊन पडला. ‘कॅन्सरची जीन टेस्ट म्हणजे लुटायचा नवा धंदा. घरात कुणाला कॅन्सर नसेल तर गरजच नाही. टेस्टसाठी पुन्हा सुई मारतात, त्याने गाठ पसरते. रिपोर्ट काहीही येवो, शेवटी केमोच. पॉझिटिव्ह आला की पोराबाळांनाही होणार. पुढे पाठवा.’ मी मिरजेत बायोप्सीचे ब्लॉक कापतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी सुईचं. बायोप्सीचा तुकडा आम्ही फॉर्मेलिनमधून काढून मेणात बसवतो. काडेपेटीहून लहान कॅसेट, तिच्यावर पांढरं मेण आणि मेणात तांदळाच्या कणीएवढा करडा ठिपका, हाच ब्लॉक. कडेला पेन्सिलीने नंबर. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे कापून रिपोर्ट दिला तरी ब्लॉक उरतो, आणि जनुकाची तपासणी बहुतेक वेळा त्या उरलेल्यातूनच होते. तुकडा अपुरा असला किंवा चालू औषध लागू पडेनासं झालं, तर पुन्हा सुई लागू शकते. कधी नुसत्या रक्तावरही भागतं. सुईने गाठ पसरणं फार विरळ. जिथे ती भीती खरी आहे, उदाहरणार्थ वृषणाची गाठ, तिथे डॉक्टर मुळात सुई घालायचंच टाळतात.

‘शेवटी केमोच’ हे वाक्य मात्र पेशंटच्या जिवावर उठणारं आहे. मे महिन्यात कवठेमहांकाळचा एक मुलगा वडिलांचा ब्लॉक जनुकाच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायला आला होता. रुमालात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवणार होता. म्हटलं, बाबा, मेण आहे ते, उन्हात पातळ होईल, पिशवीत घालून जवळ धर. फुफ्फुसाचा कॅन्सर, वडिलांनी विडीला कधी हात लावलेला नाही. गाठीत ईजीएफआर जनुकातला बदल सापडला आणि केमोऐवजी रोजची गोळी सुरू झाली.

हे एकट्याचं नशीब नव्हे. २००९ साली ‘आयपास’ नावाचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात जेफिटिनिब ही गोळी आणि केमो समोरासमोर ठेवली होती. ईजीएफआरचा बदल असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या गाठी गोळीने आकसल्या. बदल नसलेल्यांत जेमतेम १ टक्का, त्यांना केमोच सरस ठरली. गोळी तीच, आजाराचं नावही तेच! तपासणीवाचून कुणाला काय द्यायचं, हे कसं ठरवणार? आतड्याच्या कॅन्सरचंही तसंच: केआरएएस या जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅब हे महागडं इंजेक्शन वाया जातं. म्हणजे तपासणीने इथे खर्च वाचतो.

आता घराणं. वरच्या मुलाच्या वडिलांतला बदल त्यांच्या फुफ्फुसातल्या गाठीत, हयातीत झालेला. तो पोरांकडे जात नाही, आणि तो शोधायला घरात आधी कुणाला कॅन्सर असावा लागत नाही. जन्मतः आलेल्या बदलामुळे होणारे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्के. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकातला बदल हा त्यातला सगळ्यांत माहितीतला. तो असला तर प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. आला तरी धोका वाढतो, कॅन्सर ठरलेला नसतो. तो वडिलांकडूनही येतो. आपल्याकडे डॉक्टरांनी विचारलं की लोक आई-मावशीचं सांगतात, आत्याचं सांगायचं राहून जातं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तर याच रिपोर्टवर पेशंटचं औषधही ठरू शकतं.

राहिली लूट. यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. एका जनुकाची तपासणी काही हजारांत होते, शेकडो जनुकांचं पॅनेल कितीतरी पट महाग, आणि ते प्रत्येकाला लागत नाही. लवकर सापडलेल्या, ऑपरेशनने निघणाऱ्या पुष्कळ गाठींत त्याने उपचार बदलतही नाहीत. म्हणून तपासणीची चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना तिथेच विचारा: ‘या रिपोर्टने औषध बदलणार आहे का, आणि ते औषध आम्हाला परवडेल का?’ आणि ब्लॉक न्यायला येताना जुना बायोप्सी रिपोर्ट आणा. नंबर त्यावरच असतो. नुसत्या नावावर शोधायला बसलो तर एका आडनावाचे दहा निघतात.