'त्रेसष्ट' पुस्तकातून काढलेलं नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय की रचनावादाच्या (म्हणजे मुलांनी स्वतः करून, मांडून शिकायच्या पद्धतीच्या) नादात बालभारतीने 'त्रेसष्ट' शब्दच बंद केला, आता पोरं फक्त 'साठ तीन' म्हणणार. असं झालेलं नाहीये. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' आलं ते खरं, पण त्रेसष्टसोबत, दोन्ही वाचनं दिली होती. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्याच वेळी सांगितलं होतं की जुनी पद्धत काढलेली नाही.

'साठ तीन' का आणलं ते समजून घ्या ना. मी रोज संध्याकाळी भाचीचा अभ्यास घेते, तिला त्रेसष्ट सांगितलं की ती आधी तीन ऐकते आणि पाटीवर 36 लिहून मोकळी होते, मग दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या की साठ आणि तीन, बरोब्बर 63. कानडीत तर दशक आधीच म्हणतात.

आणि हो, रचनावाद म्हणजे पाढे बंद असंही नाही. सात चोक अठ्ठावीस का ते आधी मांडून बघायचं, मग खुशाल पाठ करायचं. पाढे यायलाच हवेत, माझंही तेच म्हणणं आहे. मेसेज पुढे ढकलण्याआधी कृपया पुस्तक उघडून बघा.