लेकीच्या सोशिऑलॉजीचा हिशेब

मागच्या रविवारी मंडळाच्या पॉटलकला एका ताईंनी फोन माझ्यापुढे धरला. "बघ गं, तुझी लेक शिकतेय त्याच विषयातले पगार. एवढ्यात कॅलिफोर्नियात घरभाडं तरी निघेल का?" ते कॉलेज स्कोअरकार्ड होतं. कॉलेज आणि विषयानुसार कमाई आणि कर्ज दाखवणारी ही अमेरिकेच्या शिक्षण खात्याची वेबसाइट. तेव्हा मला काही बोलता आलं नाही. रात्री झोपही आली नाही. मग हे आकडे येतात कुठून, ते वाचायला बसले.

त्यात फक्त फेडरल मदत, म्हणजे शिक्षणासाठी केंद्र सरकारचं अनुदान किंवा कर्ज, घेतलेली मुलं धरतात. एच-फोरवरच्या (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावरच्या) आपल्या मुलांना ती मदत मिळतच नाही, म्हणजे ती त्यात नाहीतच. आणि कमाई मोजतात ती नोकरी करणाऱ्या, पण त्या वेळी कुठेही शिकत नसलेल्या मुलांची. इथे मी थांबले. लेक आहे तशा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात सोशल सायन्स घेतात ते बहुतेक पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायलाच! जी मुलं पुढे शिकायला गेली, ती शिकत असेपर्यंत या हिशेबाबाहेर. कर्जाचा आकडाही फक्त कर्ज काढलेल्यांचा. ज्यांनी काढलंच नाही त्यांचं शून्य त्यात धरत नाहीत.

आमच्याकडे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर फी आहे. दोन वर्षांच्या ६० युनिटचे २,७६० डॉलर. एवढ्यासाठी कुणी कर्जात बुडत नाही. मुलं कर्ज काढतात ती भाडं, गाडी आणि जेवणासाठी. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत फेडरल कर्ज मिळू शकतं, म्हणजे दोन वर्षांच्या फीच्या जवळपास दुप्पट.

पण त्या ताईंची काळजी खोटी नाही, हेही मनापासून सांगते. दोन वर्षांवर थांबलं तर सोशल सायन्सच्या डिग्रीमागे नर्सिंग किंवा डेंटल हायजीनसारखं लायसन्स नसतं. नोकरी सांभाळत सेमिस्टरला दोनच विषय घेणारी, मध्येच शिक्षण सुटलेली मुलं मी पाहिली आहेत. डिग्री नाही, कर्ज मात्र डोक्यावर. माझा जीव तुटतो तो त्यांच्यासाठी. म्हणून मी लेकीला विषय बदल म्हणणार नाही. ट्रान्सफर, म्हणजे चार वर्षांच्या कॉलेजात जाणं, कधी, कुठे आणि किती युनिट धरून, हे मात्र दर सेमिस्टरला विचारणार आहे. राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार ट्रान्सफरची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) पूर्ण केली की कॅल स्टेटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, प्रवेशाची हमी आहे, आणि तिथे पुढे ६० युनिटच उरतात. हवा तोच कॅम्पस मिळेल याची हमी मात्र नाही. घराजवळचा मिळाला नाही तर भाड्याचा प्रश्न परत उभा, आणि आमचं खरं घोडं तिथेच अडलंय.

गुरुवारी तिची काउन्सेलरशी भेट आहे. ज्यांची मुलं सोशिऑलॉजी किंवा सायकॉलॉजी घेऊन कॅल स्टेटला गेली, त्यांनी कृपया सांगा: किती युनिट वाया गेले? आणि राहण्याची सोय कशी केलीत?