‘सहा आठवड्यांत माझा बॅकहँड बिघडवला’ या तुमच्या परीक्षणाला उत्तर

नमस्कार.

तुमचं दोन ताऱ्यांचं परीक्षण मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि ज्या कोचकडे तुम्ही शिकत होता त्यांच्याशी सविस्तर बोललो. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेनिसमधल्या एकहाती बॅकहँडवर (रॅकेटचा हात अंगासमोरून पलीकडच्या बाजूला नेऊन मारायचा फटका) हेवी टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने जोरदार फिरकी, मारायला शिकण्यासाठी तुम्ही आमच्याकडे आलात. पहिल्याच दिवशी तुमची ग्रिप, म्हणजे रॅकेट धरायची पद्धत, बदलली. सहा आठवड्यांनंतर निम्मे बॉल नेटमध्ये आणि उरलेले सर्व्हिस लाइनच्या आसपास, म्हणजे आखूड, पडायला लागले, कोपर दुखायला लागलं, विचारलं तर ‘सवय होईल’ एवढंच उत्तर मिळालं. आणि शेवटी ‘दोन हातांनी मारून बघा’ असं सांगण्यात आलं.

यातलं काहीही मी नाकारत नाही. मनापासून माफी मागतो. पण ‘ग्रिप बदलली हीच चूक झाली’ हा तुमचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तो तसाच राहिला तर तुम्ही जुन्या ग्रिपवर परत जाल आणि टॉपस्पिनचा नाद सोडून द्याल, याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेट कडेवर उभी धरली की सगळ्यात वरचा सपाट पैलू पहिला. उजव्या हाताने खेळणाऱ्याने मुठीच्या टोकाकडून बघत तिथून घड्याळाच्या दिशेने मोजायचं. तुमच्या तर्जनीच्या मुळाचं हाड दुसऱ्या पैलूवर असायचं, म्हणजे कॉन्टिनेंटल ग्रिप. स्लाइस (उलट फिरकीचा फटका), व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला फटका) आणि सर्व्हिसला ती उत्तम. टॉपस्पिन बॅकहँडला मात्र ती अपुरी पडते, कारण बॉल अंगापुढे घ्यायला गेलात की रॅकेटचा चेहरा (स्ट्रिंगची सपाट बाजू) आभाळाकडे उघडतो आणि मनगट मुठीच्या मागे आधाराला येत नाही. तेव्हा ग्रिप बदलायलाच हवी होती. ते हाड पहिल्या पैलूवर आणलं की ईस्टर्न बॅकहँड होते. त्याच्याही पलीकडे, आठव्या पैलूवर नेलं की होते ती एक्स्ट्रीम ईस्टर्न. तुम्हाला थेट आठव्यावर नेलं, ही आमची पहिली चूक.

आठवा पैलू वाईट नाही. ब्राझीलचे गुस्ताव्हो कुएर्टेन यांनी 1997, 2000 आणि 2001 मध्ये, तर बेल्जियमच्या जस्टिन हेनिन यांनी चार वेळा फ्रेंच ओपन जिंकलं ते याच जातीच्या ग्रिपने बॅकहँड मारत. पण तिथे लाल मातीवर बॉल उसळून छातीपर्यंत, कधी खांद्यापर्यंत येतो, आणि त्या उंचीला ही ग्रिप फार सुंदर चालते. तुमच्या सामन्यांत बहुतेक बॉल कमरेला किंवा त्याखाली येतात. आठव्या पैलूने तिथे रॅकेट बॉलखाली नेणं अवघड जातं आणि स्लाइससाठी ग्रिप फिरवायचं अंतरही वाढतं. तुमच्यासाठी पहिला पैलूच योग्य होता.

दुसरी चूक याहून मोठी. ग्रिप आणि बॉल घेण्याची जागा ही जोडी आहे. एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं. तुमच्या सरावाचं चित्रीकरण मी पाहिलं. पहिल्या दिवशी तुम्ही बॉल पुढच्या मांडीच्या रेषेत घेत होता आणि सहाव्या आठवड्यातही तिथेच घेत होता. नवी ग्रिप त्या जागी रॅकेटचा चेहरा जमिनीकडे झुकवते. मग बॉल नेटमध्ये जाणार नाही तर काय होणार? तुमच्या हातात दोष नव्हता. ईस्टर्न ग्रिपला बॉल पुढच्या पावलाच्याही निदान एक वीत पुढे घ्यावा लागतो, हात जवळजवळ सरळ असताना. आठव्या पैलूला आणखी पुढे. तिथे तोच चेहरा आपोआप सरळ उभा राहतो. हे तुम्हाला पहिल्या तासातच सांगायला हवं होतं, आणि बॉल पुढे घेता यावा म्हणून खांदे लवकर वळवायला शिकवायला हवं होतं. बॉल नेट ओलांडायच्या आत पाठ थोडी प्रतिस्पर्ध्याकडे झालेली असली पाहिजे.

कोपराचं दुखणंही इथूनच आलं असावं असं मला वाटतं. बॉल उशिरा घेतला की कोपर आधी पुढे येतं, मनगट आत दुमडतं आणि आघाताचा सगळा भार कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या बाहेरच्या स्नायूंवर जातो. ते स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जोडलेले असतात. तुम्ही दुखण्याची जागा वर्णन केली आहे ती हीच. त्यात आम्ही तुमच्या रॅकेटला पॉलिएस्टर स्ट्रिंग बसवून दिली. कुएर्टेन यांच्या काळापासून टॉपस्पिन मारणाऱ्यांची ती आवडती झाली, कारण बॉल लागल्यावर ती सरकते आणि झटक्यात जागेवर येते. पण ती कडक असते. तंत्र बसायच्या आधीच ती तुमच्या हातात द्यायला नको होती. त्या जागी मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ, स्ट्रिंग थोड्या कमी ताणावर बसवून देऊ, आमच्या खर्चाने. त्याआधी कृपया डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत बॅकहँड मारू नका.

‘मनगट फिरवून रॅकेट बॉलवर गुंडाळा’ ही सूचना तुम्हाला मिळाली होती, असं तुम्ही लिहिलं आहे. आमच्या कोर्टवर ती यापुढे दिली जाणार नाही. बॉल स्ट्रिंगवर सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागाइतकाच वेळ असतो. एवढ्यात काही गुंडाळता येत नाही. तसा प्रयत्न केला की चेहरा बंद होतो आणि मनगट थकतं. टॉपस्पिन येतो तो रॅकेट खालून वर जाताना चेहरा जवळजवळ उभा राहिल्यामुळे. रॅकेटचं टोक बॉलच्या खाली उतरलं पाहिजे, आणि ते उतरवायला गुडघे वाकले पाहिजेत. मग पाय उचलतात, खांदा उचलतो, हात त्यांच्यामागून वर जातो. शेवटी रॅकेट डोक्याच्या वर, टोक आभाळाकडे.

बॉल आखूड का पडत होते, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण ‘हेवी’ या शब्दाचं मर्म त्यातच आहे. नुसतं वर घासलं तर बॉल भरपूर फिरतो, पण पुढे जात नाही. फिरकीमुळे हवा बॉलला खाली दाबते आणि वेग नसल्याने तो सर्व्हिस लाइनलाच उतरतो. समोरच्याला असा बॉल जड लागत नाही, सोपा लागतो. हेवी बॉल म्हणजे फिरकी आणि वेग दोन्ही. त्यासाठी वर जाताना पुढेही जावं लागतं, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर येत असताना. नेट मधोमध 0.914 मीटर उंच असतं. त्यावरून आणखी मीटरभर उंचीने बॉल न्यायचा आणि बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, जवळ पाडायचा, असं लक्ष्य ठेवा. तुमचे बॉल नेटच्या अगदी वरून जात होते. फिरकी असताना तिथून ते खोल जाणं कठीणच.

डाव्या हाताबद्दल कोणीच काही बोललं नाही, याचं वाईट वाटलं. एकहाती बॅकहँडचा अर्धा भार डावा हात वाहतो. तो रॅकेटच्या गळ्याशी असतो, ग्रिप तोच फिरवतो, रॅकेट तोच मागे नेतो, आणि उजवा हात पुढे जाताना तो मागे राहतो, म्हणजे छाती वेळेआधी उघडत नाही. तुमची उघडत होती.

दोन हातांचा बॅकहँड हा चांगलाच फटका आहे. उजवा हात कॉन्टिनेंटलमध्ये, डावा ईस्टर्न किंवा सेमी-वेस्टर्न फोरहँडच्या ग्रिपमध्ये (डावखुरा खेळाडू फोरहँडला धरतो तशी), आणि मुख्य काम डाव्याचं. पण तो कुणाला हवा असेल तर शिकवावा. इतकी वर्षं एका हाताने खेळणाऱ्याला, आपल्याला शिकवता आलं नाही म्हणून तिकडे वळवणं बरोबर नाही.

सहा आठवड्यांची फी परत करत आहोत. तुम्ही परत या किंवा न या, त्याचा याच्याशी संबंध नाही. आठ जणांच्या गटात ग्रिप बदलायचं काम आम्ही थांबवलं आहे. ते आता एकास एकच होईल, आणि ‘सुरुवातीला खेळ खालावेल, तो असा खालावेल’ हे आधी सांगून.

कोपर बरं झाल्यावर यावंसं वाटलं तर पहिले काही तास मी स्वतः घेईन. पहिल्या दिवशी समोरून बॉल येणारच नाही. मी शेजारी उभा राहून हाताने बॉल टाकेन, कमरेच्या उंचीला, तुमच्या पुढच्या पावलाच्या एक वीत पुढे. तुम्ही पहिल्या पैलूवर ग्रिप धरून तो तिथेच घ्यायचा. बाकीचं त्यानंतर.